लॉकडाऊनमध्ये घर कुणाच्या पैशावर चाललं? (सोलापूरकरांनी जरूर लिहा)

कुंभारीकर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. २४ मार्च २०२० च्या रात्री देश बंद झाला, त्याला पाच वर्षं होऊन गेली. त्या दिवसांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, पण सोलापूरच्या पूर्व भागातल्या घरांचं फार थोडं वाचायला मिळतं. म्हणून हा धागा. प्रश्न एकच आहे: तेव्हा तुमच्या घरात रोजच्या खर्चाचा पैसा नेमका कुणाच्या हातून येत होता, आणि तो थांबल्यावर घर कसं चाललं?

आधी माझं सांगते. आमचं घर कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत. विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरांची ही वसाहत, २००६ साली घरं ताब्यात मिळाली. आई विडी वळते, आजी वळायची. वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर. घर कोण चालवतं असं विचारलं तर घरातले सगळे, आईसुद्धा, वडिलांचं नाव घेतात. पण वडिलांच्या पगारातून आधी मालकाकडून आगाऊ घेतलेली उचल कापली जायची, राहिलेलं घराच्या हप्त्याला आणि लाईट बिलाला. भाजी, दूध, गोडंतेल, शाळेची वही, डॉक्टरची फी हे सगळं आईच्या विडीवर.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी: कारखान्याच्या ब्रँचमधून पान, तंबाखू आणि दोरा आणायचा. संध्याकाळी पान भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचं. पहाटे पत्र्याचं माप ठेवून कात्रीनं एकेक पान कापायचं. मग मांडीवर सूप घेऊन बसायचं ते दुपार टळेपर्यंत. दुसऱ्या दिवशी वळलेल्या विड्या ब्रँचला द्यायच्या, तिथं तपासणी होते, खराब निघालेल्या बाजूला काढतात, त्यांची मजुरी नाही. मजुरी हजारावर. आणि दिलेल्या पानात ठरलेल्या विड्या बसल्याच पाहिजेत, पान कमी पडलं तर पदरच्या पैशानं विकत घ्यायचं.

२२ मार्चला जनता कर्फ्यू लागला तेव्हा आईकडे भिजवलेलं पान होतं. भिजलेलं पान ठेवून दिलं तर बुरशी धरतं, वाळवलं तर कापताना चुरा होतो. म्हणून तिनं रात्र-दिवस बसून होतं तेवढं वळून टाकलं. बंडलं बांधली, धुतलेल्या साडीत गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवली. उन्हाळा संपेपर्यंत ती तिथंच होती. ब्रँच उघडल्यावर नेली तर त्यातल्या कितीतरी बाजूला काढल्या.

वडिलांचं काम गेलं तेव्हा गल्लीत सगळ्यांनी विचारपूस केली. आईचं गेलं हे कुणी बोललंच नाही. मला तरी वाटतं, आमच्या भागात खरा फटका त्या दुसऱ्या गोष्टीनं बसला.

धोटा

वाचलं. माझे थोडे माग आहेत, दत्त नगरकडं. मालक म्हणजे बंगलेवाला असं कृपा करून समजू नका, पूर्व भागात निम्मे कारखाने घराच्या मागच्या खोलीत आहेत. खाली माग, वर आम्ही.

मार्चचा शेवट म्हणजे आमची हिशेबाची वेळ. टॉवेलचा माल बाहेर गेलेला, पैसे यायचे बाकी. व्यापाऱ्याला फोन लावला की तो म्हणणार, माझंच दुकान बंद, तुला कुठून देऊ. मागावर बीम, म्हणजे ताण्याच्या सुताचा रूळ, अर्धं विणलेलं तसंच राहिलं. तीन महिन्यांनी चालू करायला गेलो तर सुतावर धूळ बसून कडक झालेलं, ताण दिला की तुटायचं. उंदरांनी कुरतडलेलं वेगळंच. ते सगळं कापून पुन्हा सांधायचं म्हणजे आधी मजुरी घालायची, माल नंतर.

कामगारांना पहिल्या महिन्यात ज्वारी, तांदूळ, तेल दिलं. एप्रिल सरता सरता माझ्याकडंही काही उरलं नाही. दिलेली उचल कुणाकडं परत मागितली नाही, पण मागायची वेळ आली असती तर कुणाच्या तोंडाकडं बघून मागितली असती? आमच्याकडंही घरखर्च बायकोच्या भिशीच्या पैशातून झाला. ताईचा मुद्दा बरोबर आहे.

सातरस्ता

+१. आईच्या जनधन खात्यात ५०० रुपये आले होते, एप्रिल ते जून तीन महिने. खात्याचा शेवटचा आकडा बघून कुणी कुठल्या तारखेला बँकेत जायचं ते ठरलेलं. आमचा आकडा उशिराचा. रांगेत चुन्याचे गोल आखलेले, आणि उन्हामुळं बायकांनी त्या गोलात स्वतः उभं राहायचं सोडून चपला ठेवल्या होत्या, स्वतः भिंतीच्या सावलीला बसलेल्या. ते ५०० रुपये गॅस सिलिंडरला गेले.

लॅबवाला

धागा चांगला आहे, पण दुसरी बाजू सांगतो. मी तेव्हा सिव्हिलला नव्हतो, एका खासगी लॅबमध्ये होतो, पण नमुने गोळा करायला पूर्व भागात फिरलोय.

१२ एप्रिल २०२० ला शहरातला पहिला रुग्ण कळला तो पाच्छा पेठेतला. त्यानंतर रोग पसरला तोही दाट वस्तीतच. एका खोलीत सहा-सात माणसं, संडास चार घरांत एक. घरी एकट्यानं राहा असं सांगायचं तर कुठल्या खोलीत राहणार? विडीच्या ब्रँचवर सकाळी बायकांची गर्दी कशी होते हे सोलापुरात सगळ्यांना ठाऊक आहे. ती गर्दी रोज होऊ दिली असती तर किती जीव गेले असते? ब्रँच बंद ठेवणं कठोर होतं, पण त्या वेळी दुसरा उपाय काय होता ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. जुलैमध्ये शहर आणि आजूबाजूची गावं दहा दिवस पुन्हा कडक बंद केली ती उगाच नाही.

कुंभारीकर

@लॅबवाला, राग नाही, तुम्ही मनापासून लिहिलंय. गर्दीचं म्हणणं मान्य. पण उपाय नव्हता हे मला पटत नाही. विडीचं काम मुळात घरातच होतं. गर्दी होते ती फक्त माल देता-घेताना. टेम्पो फिरवून गल्लीच्या तोंडाशी पान-तंबाखू दिलं असतं, वार लावून दिले असते, तर बाई घरात बसून वळत राहिली असती. घराबाहेर पडू नका असं सांगायचं आणि घरात बसून होणारं काम काढून घ्यायचं, या दोन्ही गोष्टी एकदम झाल्या. नंतर उघडल्यावरही प्रतिबंधित क्षेत्रातल्या बायकांचा माल ब्रँचवर घेत नव्हते. पत्रे लावलेल्या गल्लीतल्या बाईला मग कुणी विचारायचं?

कामगार संघटना तेव्हा रस्त्यावर उतरल्या होत्या, कामगार नेते आडम मास्तरांची भाषणं आमच्या वसाहतीतल्या बायकांनी फोनवर ऐकली. मागणी साधी होती: काम द्या, नाहीतर बसल्या दिवसांचे पैसे द्या.

लॅबवाला

टेम्पोचा विचार तेव्हा कुणी बोलून दाखवला असता तर बरं झालं असतं. पटलं.

काजबटण

मी पहिल्यांदाच लिहितेय इथे, चुकलं तर सांभाळून घ्या.

सोलापूर म्हटलं की लोकांना चादर आठवते. पण गेल्या काही वर्षांत शाळेच्या गणवेशाचा धंदा चादरीच्या बरोबरीनं आमच्या घरांत शिरलाय. शर्ट, पिनाफोर, हाफ पँट, बाहेरच्या राज्यांतही जातात. कटिंग कारखान्यात होतं, शिलाई थोडी तिथं, थोडी घरोघरी. माझ्याकडे काज-बटण आणि कॉलरचं काम असायचं. आमचा सीझन म्हणजे फेब्रुवारी ते जून. या पाच महिन्यांत जे मिळेल त्यावर बाकीचं वर्ष ओढायचं. शेतकऱ्याचं खरीप गेलं की काय होतं ते सगळ्यांना कळतं. आमचं तसंच झालं, आणि एकदा नाही, दोनदा. २०२० चं जून गेलं, २०२१ चंही गेलं. शाळाच उघडली नाही तर गणवेश कोण घेणार?

मार्चमध्ये मालकाकडं तयार माल थप्प्या लावून पडला होता. एका शाळेचा लोगो छापलेला शर्ट दुसऱ्या शाळेला चालत नाही. तो माल दोन वर्षांनी बाहेर काढला तेव्हा घड्यांवर पिवळ्या रेघा आलेल्या.

मे महिन्यात मास्क शिवायला मिळाले. नगावर पैसे, आणि नग म्हणजे इतके थोडे पैसे की दोरा-सुईचं वजा केलं तर हातात काय राहतं ते बघायचंच नाही. पण ते काम मिळालं म्हणून मी आजही त्या मालकाला दुवा देते. सासू, मी आणि जाऊ अशा तिघी एकाच मशीनवर पाळीपाळीनं बसायचो. वर पत्रा, एप्रिल-मेचं ऊन, खाली मशीनची मोटर. दुपारी मशीनच्या लोखंडाला हात लावला तर चटका बसायचा, म्हणून पहाटे चारला सुरू करून दहाला थांबायचो. आणि पाणी चार दिवसाआड. त्या दिवशी मशीन बंद, सगळ्या हंडे-बादल्या भरण्यात.

एक गोष्ट लिहायची राहिली. माझा नवरा रिक्षा चालवतो. २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा निर्बंध लागले तेव्हा सरकारनं परवानाधारक रिक्षाचालकांना १५०० रुपये जाहीर केले. आमची रिक्षा भाड्याची, परवाना दुसऱ्याच्या नावावर. गाडी हा चालवतो, पैसे त्याला मिळाले. त्या माणसाचा काही दोष नाही, नियमच तसा. पण घरात त्या दिवशी कुणी जेवलं नाही नीट.

ज्वारीची_भाकर

काजबटण ताई, छान लिहिलंय, लिहीत राहा.

परवान्यावरून आठवलं. आमचं रेशनकार्ड अक्कलकोट तालुक्यातल्या गावाचं, राहायला आम्ही शहरात नीलम नगरला. एप्रिलपासून माणशी ५ किलो धान्य फुकट मिळायला लागलं तेव्हा कार्ड गावात, माणसं शहरात, आणि मध्ये पोलिसांची नाकाबंदी. चुलत्यानं तिकडं धान्य उचललं, आम्ही इकडं शेजाऱ्यांकडून उसनं घेतलं. नंतर मे-जूनमध्ये केशरी कार्डवाल्यांना गहू ८ रुपये आणि तांदूळ १२ रुपये किलोनं मिळाला, त्याचा शेजारच्या पाटील काकूंना आधार झाला. त्यांची मुलं नोकरीला असल्यामुळं लोक त्यांना सुखवस्तू समजायचे, पण मुलांचे पगार निम्मे झालेले.

आम्हाला तांदूळ भरपूर, ज्वारी नाही. सोलापुरी माणसाला भाकरी नाही म्हणजे पोट भरल्यासारखं होत नाही. आई तांदळात थोडंसं ज्वारीचं पीठ घालून थापायची, बाजूला शेंगाची चटणी. चटणीसुद्धा बारीक जपून, कारण शेंगदाणे महाग झाले होते.

मास्तर_दक्षिण

मी दक्षिण सोलापूर तालुक्यातला जिल्हा परिषदेचा शिक्षक. शाळा बंद झाल्या, शिक्षण सुरू ठेवा असा आदेश आला. वर्गात किती मुलांच्या घरी साधा स्मार्टफोन आहे याची यादी करायला बसलो तर निम्म्यांच्या नावापुढं कोरं. आणि ज्यांच्याकडं आहे त्यांच्याकडं तो एकच, बापाच्या खिशात. बाप सकाळी कामावर गेला की शाळा गेली.

जिल्ह्यात काम झालंच नाही असं मात्र कुणी म्हणू नये. सोलापुरात नीलम नगरला आशा मराठी विद्यालयानं आसपासच्या घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडेच रंगवले. पाढे, मुळाक्षरं, इंग्रजी वाक्यं, विज्ञानाच्या आकृत्या. तिथले पालक बहुतेक विडीवर किंवा मागावर. फोन नसला तरी पोर पाणी भरायला बाहेर येणारच, दुकानाला जाणारच, मग भिंतीपाशी थांबून वाचणार. मी मुद्दाम जाऊन बघून आलो होतो. एक मुलगी डोक्यावर घागर तशीच ठेवून सातचा पाढा म्हणत उभी होती, मागची बाई तिला पुढं सरक म्हणून ओरडत होती. मला त्या वर्षात इतकं बरं दुसरं काही बघून वाटलं नाही.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आपल्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडचं काम त्यांनी साथीच्या कितीतरी आधी सुरू केलं होतं. बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. आमच्या शिक्षकांच्या गटात त्या रात्री दिवाळी होती.

आता धाग्याच्या प्रश्नाकडं. माझा पगार चालू होता, थोडा उशिरा आला एवढंच, त्यामुळं माझं घर सुरक्षित होतं आणि ते मी कधी विसरत नाही. पण वर्गातल्या मुलांचं सांगतो. शाळा उघडल्यावर आठवीतल्या काही मुली परतल्याच नाहीत. घरी गेलो तर एक शिलाईला बसलेली, एकीचं लग्न ठरलेलं. मुलगे मोबाईलच्या दुकानात, गॅरेजवर. घरात पैसा आणणारे हात वाढवायचे होते, ते शाळेतून काढून घेतले गेले. आई-बापांना दोष देऊन काही होणार नाही. दोघींना मी परत आणू शकलो, त्याही आई ठाम उभी राहिली म्हणून.

पुणे_रिटर्न

मी आयटीतला. मार्च २०२० मध्ये पुण्यातली खोली बंद करून जुळे सोलापूरला घरी आलो तो दीड वर्ष इथंच होतो. पगार पूर्ण, प्रवास बंद, घरभाडं वाचलं. खरं सांगायचं तर आमच्या घरात त्या काळात पैशाची ओढाताण नव्हती. आईची मात्र होती, पैशाची नाही, जिवाची. बाबा निवृत्त, मी खोलीत हेडफोन लावून, बहीण ऑनलाइन कॉलेजला. चार माणसांचं तीन वेळचं, मध्ये चहा, वर काढा. कामाला येणाऱ्या मावशींना सोसायटीनं बंदी घातलेली.

लेक_मावशीची

@पुणे_रिटर्न दादा, एक विचारते, त्या मावशींचा पगार तुम्ही चालू ठेवला होता का? भांडायला विचारत नाही. माझी आई होटगी रोडला पाच घरी धुणंभांडी करायची. पाचपैकी दोन घरांनी पहिले दोन महिने पगार दिला. बाकीच्यांनी फोनच उचलला नाही. एका घरच्या आजींनी मात्र न मागता वर्षभर दर महिन्याला पाठवले. आजी गेल्या दुसऱ्या लाटेत. आई त्यांच्या दहाव्याला गेली होती, दारातूनच पाया पडून आली.

पुणे_रिटर्न

हो ताई, दिला होता, आईनं ठरवलं होतं. तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. प्रत्येकाला विचारायला हवं.

भीमाकाठ

पंढरपूरहून लिहितोय. जिल्हा एकच म्हणून घुसतो धाग्यात.

आमच्या गावात वर्षाचा पैसा चार वाऱ्यांना येतो, आणि त्यातही आषाढीला. विठ्ठलाचं मंदिर १७ मार्च २०२० ला दर्शनाला बंद झालं ते दिवाळी पाडव्याला, १६ नोव्हेंबरला उघडलं. १ जुलैच्या आषाढीला पालख्या एसटीनं आल्या, मोजकी माणसं घेऊन. वाळवंटात माणूस नाही. माझं तुळशीमाळा, बुक्का, चुरमुऱ्याचं दुकान. त्या दिवशी शटर खाली होतं तरी मी आत जाऊन उदबत्ती लावली.

आमच्याकडं घर चाललं म्हशीवर. दोन म्हशी, त्यांचं सगळं आई बघते. मी दुकानदार म्हणून मिरवायचो, आणि वर्षभर घरात शेणा-गोठ्याचा पैसा खाल्ला. सोलापूरचं सिद्धेश्वराचं बघा, जानेवारी २०२१ ला गड्डा, म्हणजे यात्रेचा बाजार, भरलाच नाही. नंदीध्वजाचे विधी थोडक्या माणसांत झाले. पाळणेवाले, खेळण्यावाले, भांड्यावाले यांचा अख्खा महिना त्यावर असतो. आपल्या जिल्ह्यात देव आणि पोट अशी दोन वेगळी खाती नाहीत.

सातरस्ता

बचतगट आणि मायक्रोफायनान्सवर कुणी लिहिणार का? आमच्या गल्लीत त्याचा त्रास विषाणूपेक्षा जास्त झाला.

कुंभारीकर

लिहिते, कारण आईवरही होतं.

रिझर्व्ह बँकेनं मार्च ते मे हप्ते थांबवायची मुभा दिली, मग ऑगस्टअखेरपर्यंत वाढवली. टीव्हीवर सगळ्यांनी ऐकलं. पण मुभा म्हणजे माफी नव्हे. न भरलेल्या महिन्यांचं व्याज चढतच होतं. आणि आमच्या बायकांची कर्जं गटाची. एकीनं हप्ता भरला नाही तर बाकीच्या दहा जणींनी तिच्या दारात जायचं अशी पद्धत. वसुलीवाले जूनमध्येच यायला लागले. कुठली कंपनी ते लिहीत नाही. ते आले की दारात उभं राहायचं, मोठ्यानं बोलायचं नाही, पण हलायचंही नाही. शेजारणी बघतात एवढं पुरे असतं. आईनं गळ्यातली बोरमाळ गहाण ठेवून ऑगस्टपर्यंतचे हप्ते चुकते केले. तेव्हा ब्रँच नुकती सुरू झालेली, तेही पूर्ण हजाराचं पान मिळत नव्हतं, निम्मंच.

आमच्या गल्लीतल्या कोष्टी घरातल्या एका अक्कांनी मात्र खमकेपणा केला. मुभेचा कागद मुलाकडून मोबाईलवर काढून ठेवला आणि आलेल्या माणसाला वाचून दाखवला. तो गेला. मग सगळ्या गटानं तेच केलं. आईची तोवर बोरमाळ गहाण ठेवून झाली होती.

आशा_कार्यकर्ती

मी आशा म्हणून काम करते, शहराबाहेर, गाव सांगत नाही. धागा रात्री वाचत बसले.

तुम्ही सगळे घरात होता तेव्हा आम्ही दारोदार होतो. "माझे कुटुंब, माझी जबाबदारी"च्या वेळी हातात ऑक्सिमीटर आणि ताप मोजायची बंदूक. सुरुवातीला लोक दार उघडत नव्हते, आम्हीच रोग घेऊन येतो म्हणत. माझ्या सासऱ्यांनी मला घरात वेगळं ताट दिलं. रात्री मुलगी लांबून बोलायची. जून २०२१ ला आम्ही राज्यभर संप केला तेव्हा कुठं मानधनात हजार रुपये वाढले आणि वर ५०० कोविड भत्ता. आम्हाला पगार नाही, मानधन असतं. माझ्या घरात त्या वर्षी नवऱ्याचं काम बंद होतं, तेव्हा ते मानधन आणि माझ्या माहेरून आलेली ज्वारी यावरच चाललं.

विडीच्या घरांत गेले की एक दिसायचं. ऑक्सिजन मोजला तर तंबाखूच्या धुळीत आयुष्य काढलेल्या बायकांचा आकडा आधीपासूनच थोडा कमी. त्यांना वाटायचं कोरोना झाला, आता नेतील. मी बसून समजावायची. नाही नेत गं, आधी पाणी पी, खिडकी उघड, पाच मिनिटांनी पुन्हा बघू. पुष्कळदा पाच मिनिटांनी आकडा सुधारायचा.

लॅबवाला

आशाताई, तुमचं काम आम्ही जवळून पाहिलंय. नमस्कार.

धोटा

दुसऱ्या लाटेबद्दल लिहिणं अवघड जातं. एप्रिल-मे २०२१ मध्ये आमच्या बोळात आठवडा रिकामा गेला नाही. माझ्याकडचा जुना जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, चाळीस वर्षं मागावर, बेड शोधता शोधता गेला. त्याच्या बायकोला नंतर ५० हजारांच्या सानुग्रह मदतीसाठी अर्ज करायचा होता. मृत्यू घरी झालेला. कुणीतरी तिला सांगितलं की दवाखान्यातला नसेल तर मिळत नाही. तसं नव्हतं. चाचणी पॉझिटिव्ह आल्यापासून ३० दिवसांच्या आत मृत्यू असेल तर घरी झाला तरी कोविडचाच धरायचा असा नियम होता. चाचणीचा कागद तिनं देवाच्या फोटोमागं ठेवला होता म्हणून काम झालं. पैसे आले तेव्हा ती माझ्याकडं आली आणि नवऱ्याच्या उचलीतले राहिलेले किती, असं विचारलं. मी घेतले नाहीत. पण तिनं विचारलं, हे मी आयुष्यभर लक्षात ठेवणार आहे.

कुंभारीकर

वरचं सगळं पुन्हा वाचलं. काजबटण ताईंच्या रिक्षाचा परवाना, ज्वारीची भाकर यांचं गावचं कार्ड, मास्तरांनी लिहिलेला बापाच्या खिशातला फोन. मदत आली ती कागदावर ज्याचं नाव त्याच्याकडं, आणि राबणारा हात वेगळाच. विडीतही हेच आहे. कितीतरी घरांत कार्ड सासूच्या नावावर आणि वळते सून. मुलगी शाळेतून आली की तीही बसते. हजार विड्या एका नावावर जातात, हात तिघींचे असतात.

मार्चअखेर पीएफमधून आगाऊ रक्कम काढायची सोय झाली होती: तीन महिन्यांचा पगार किंवा जमा रकमेच्या ७५ टक्के, यातली कमी असेल ती, परत न भरण्याची. विडी कामगारांना पीएफ आहे हे पुष्कळांना माहीत नसतं, पण आहे. आईला वाटलं, चला, आपलंच साठलेलं आहे. अर्ज केला तो नाकारला. कारण पीएफच्या नोंदीत आडनाव एका तऱ्हेनं, आधारवर दुसऱ्या. आमची आडनावं तेलुगू, लिहिणाऱ्या प्रत्येकानं त्याला ऐकू आलं तसं लिहिलंय. जन्मतारीख तर दोन्हीकडं अंदाजानं. ज्या पैशावर तिचा हक्क होता तो मिळायला पुढचं वर्ष उजाडलं.

काजबटण

कुंभारीकर ताई, नाव दुरुस्त कसं झालं? माझ्या सासूबाईंचं असंच अडकलंय, त्यांना आता पेन्शनचं बघायचंय.

कुंभारीकर

काजबटण ताई, जॉइंट डिक्लरेशन म्हणून फॉर्म असतो. त्यावर आईच्या वेळी कामगाराची सही किंवा अंगठा आणि कारखान्याची सही-शिक्का, दोन्ही लागले होते. सोबत आधार आणि नाव सिद्ध होईल असा एखादा जुना कागद. आईचा शाळेचा दाखला नव्हताच, विडी कामगाराचं ओळखपत्र उपयोगी पडलं. आधी आधारवरचं नाव बरोबर आहे का ते बघून घ्या, नाहीतर चुकीच्या नावाला चुकीचं नाव जुळवलं जातं आणि बँकेत पुन्हा अडतं. कारखान्यातला क्लार्क उद्या या म्हणत राहील, म्हणून एकट्या जाऊ नका, सोबत युनियनच्या कुणाला तरी न्या. आणि त्यांच्या कार्डावर तुम्ही किंवा जाऊबाई वळत असाल तर तुमचं स्वतःचं कार्ड आताच काढायला घ्या. सासूबाईंची पेन्शन सुरू झाली की त्या नावावर पान मिळायचं बंद होऊ शकतं. व्यनि (खासगी निरोप) करते, आमच्याकडं भरलेल्या फॉर्मची प्रत आहे, ती बघून भरा.

काजबटण

पाठवा ताई. सोमवारी जाते.